व्हिसाचा फोटो परत का येतो? अंतर, उजेड आणि मापं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातल्या तिघांचे व्हिसासाठीचे फोटो मोबाइलवर काढले. भिंत पांढरी होती, चेहरा स्पष्ट होता, ॲपने मापही करून दिलं. तरी एक फोटो मागे सावली आहे म्हणून परत आला आणि दुसरा डोक्याचं प्रमाण चुकलं म्हणून. नऊ महिन्यांच्या बाळाचा फोटो अजून काढायचा आहे. चष्मा, टिकली, ओढणी यांचं काय? आणि एकच फोटो दोन-तीन देशांना चालेल का?

आधी हा फोटो कशासाठी मागतात ते लक्षात घ्या, म्हणजे पुढचे बरेच नियम पाठ करावे लागणार नाहीत. प्रवासी दस्तऐवज कसे असावेत हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात ठरवलेलं आहे आणि त्यात ओळखीची मुख्य खूण चेहरा ही धरली आहे. पासपोर्टमधल्या चिपमध्ये चेहऱ्याचं चित्र साठवलेलं असतं. विमानतळावरचं स्वयंचलित गेट समोर उभ्या माणसाचा चेहरा त्या चित्राशी ताडून पाहतं. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची रुंदी, जबड्याची कड अशा गोष्टी तिथे मोजल्या जातात. म्हणजे तुमचा फोटो हा मोजणीचा नमुना आहे. मोजणीत गोंधळ करणारी गोष्ट कोणतीही असो, सावली, चमक, वाकडी मान, फिल्टर किंवा फार जवळून धरलेला कॅमेरा, तिला नियमांत कुठे ना कुठे मनाई आहे. यातल्या बहुतेक चुका फोटो काढतानाच टाळता येतात, नंतर सॉफ्टवेअरने त्या धड निघत नाहीत. म्हणून मापांच्या आधी अंतर आणि उजेड.

अंतर

घरी काढलेल्या फोटोत सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक म्हणजे कॅमेरा फार जवळ असणं. नाकाचं टोक आणि कान यांत समोरून मागे साधारण १२ सेंटिमीटर अंतर धरा. मोबाइल नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल, म्हणजे सेल्फीच्या अंतरावर, तर कान ५२ सेंटिमीटरवर येतात. जवळची गोष्ट मोठी दिसते, त्यामुळे कानांच्या तुलनेत नाक तीस टक्के मोठं येतं. गाल आत ओढल्यासारखे दिसतात, कान मागे लपतात, कपाळ फुगतं. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला की हा फरक आठ टक्क्यांवर येतो आणि चेहरा समोरासमोर पाहिल्यावर दिसतो तसा दिसतो. 'फोटोत मी माझ्यासारखा दिसत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

तेव्हा सेल्फी नको. दुसऱ्या कुणीतरी दीड मीटरवरून फोटो काढावा किंवा मोबाइल स्टँडवर लावून टायमर वापरावा. सेल्फीत आणखी एक धोका आहे: काही फोन चित्र आरशासारखं उलटं साठवतात. मग उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर येतो, केसांचा भांग दुसऱ्या बाजूला जातो. पाहणाऱ्याला चटकन कळत नाही, पण जुन्या पासपोर्टशी ताडताना ते खटकतं.

दीड मीटरवरून डोकं किती मोठं येईल हेही पाहून ठेवा. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या मुख्य लेन्सने या अंतरावरून हनुवटी ते माथा साधारण ४५० ते ४६० पिक्सेल मिळतात. छापील फोटोसाठी आणि बऱ्याच ऑनलाइन अर्जांसाठी एवढं चालतं, पण हात आखडता राहतो. फोनमध्ये दुप्पट जवळ आणणारी वेगळी लेन्स असेल तर ती घ्या, पिक्सेल दुप्पट होतात आणि अंतर तेच राहतं. ती नसेल तर सव्वा मीटरपर्यंत पुढे या, त्याहून जवळ नको. जास्त रुंद दिसणारी वाइड लेन्स अजिबात नको, ती कडेला चेहरा ताणते.

लेन्सची उंची डोळ्यांच्या पातळीवर हवी. उभ्या माणसाने बसलेल्याचा फोटो काढला की हनुवटी आखूड आणि कपाळ मोठं येतं. खालून काढला की नाकपुड्या दिसतात. मान किंचित एका खांद्याकडे कललेली असेल तर दोन्ही बुबुळांना जोडणारी रेषा आडवी येईपर्यंत चित्र एक-दोन अंश फिरवून घेता येतं. पण चेहरा डावीकडे वळलेला असेल किंवा वर उचललेला असेल तर तो फोटो फिरवून सरळ होत नाही, पुन्हाच काढावा लागतो. तपासायची सोपी युक्ती अशी: नाकाचं टोक दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्ये आहे का आणि दोन्ही कान साधारण सारखे दिसतात का ते पाहा. पाठीला टेका नसलेल्या स्टुलावर बसवलं की माणूस आपोआप ताठ बसतो आणि खांदे समोर येतात.

उजेड आणि मागची भिंत

तुमचा पहिला फोटो सावलीमुळे परत आला, त्याचं कारण जवळजवळ नक्की हेच असणार की माणूस भिंतीला टेकून उभा होता. भिंतीला पाठ लागलेली असेल तर उजेड कुठूनही येवो, डोक्याची आणि कानांची सावली भिंतीवर पडणारच. भिंतीपासून किमान एक मीटर पुढे या. मग सावली खाली आणि कडेला पडते, चौकटीत येत नाही. एवढ्या एका बदलाने घरगुती फोटोंचा निम्मा त्रास जातो.

फ्लॅश बंद ठेवा. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. त्याने कपाळ आणि नाक चमकतं, डोळे लाल येतात आणि मागे कडक सावली पडते. छतावरचा दिवाही बंद करा, त्याने डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली काळं पडतं. खिडकीचा उजेड हा सर्वांत चांगला. माणसाने खिडकीकडे तोंड करून बसावं आणि फोटो काढणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभं राहावं, पण आपलीच सावली चेहऱ्यावर पडणार नाही इतपत बाजूला सरकून. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा. खिडकी एका कुशीला असेल तर चेहऱ्याची दुसरी बाजू काळवंडते. तेव्हा त्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, पांढरा पुठ्ठा किंवा चादर उभी धरायला सांगा. तसाच एक पांढरा कागद छातीच्या खाली मांडीवर ठेवला की हनुवटीखालची सावली फिकी होते. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र नको, अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो. काही एलईडी दिव्यांखाली पांढऱ्या भिंतीवर फिकट आणि गडद आडवे पट्टे उमटतात. ते मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दिसत नाहीत, संगणकावर उघडल्यावर दिसतात.

उजेड बरोबर आहे का हे फोटोतूनच वाचता येतं. संगणकावर फोटो उघडा आणि एका डोळ्यावर मोठा करत जा. बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपका दिसेल. तो दोन्ही डोळ्यांत एकाच जागी आणि बुबुळाच्या वरच्या अर्ध्यात असेल तर उजेड समोरून आणि किंचित वरून आला आहे, जसा हवा तसा. दोन्ही डोळ्यांत ठिपका एका कडेलाच असेल तर उजेड बाजूने आला आहे, मग दुसऱ्या गालावर सावली शोधा, सापडेल. ठिपका दिसतच नसेल तर उजेड डोक्यावरून आला आणि डोळे अंधारात राहिले. मग कपाळावर जा. तिथे कातडीचा पोत नाहीसा होऊन नुसता पांढरा पट्टा दिसत असेल तर ती चमक आहे. टिशूने कपाळ, नाक आणि हनुवटी टिपून पुन्हा काढा. शेवटी कानाच्या आणि केसांच्या कडेवर या. तिथे एक-दोन पिक्सेलची उजळ कड दिसली किंवा कानाची पाळी कुरतडल्यासारखी वाटली, तर ॲपने मागची भिंत कापून बदललेली आहे.

ही कापाकापी करू नका. 'पार्श्वभूमी पांढरी करा' म्हणणारी ॲप्स सुटे केस खातात, खांद्याची रेषा कागद कापल्यासारखी करतात आणि चेहऱ्यावर पडलेला उजेड आणि मागचा पांढरा रंग यांचा मेळ राहत नाही. फोनचा पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा, तो कान आणि केस धूसर करतो. ब्यूटी फिल्टर काही फोनमध्ये आपोआप चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन तपासा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सॉफ्टवेअर, फोनची ॲप्स, फिल्टर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून बदललेले फोटो नको असं स्पष्ट म्हटलं आहे. जर्मनीने १ मे २०२५ पासून पासपोर्ट आणि ओळखपत्रासाठी छापील फोटो घेणं थांबवलं, तिथे फोटो डिजिटल रूपात सुरक्षित मार्गानेच कार्यालयात पोहोचतो. यामागची भीती खरी आहे. दोन माणसांचे चेहरे मिसळून एक चित्र बनवलं आणि ते पासपोर्टवर गेलं तर तो एकच पासपोर्ट दोघांनाही गेटमधून नेऊ शकतो. त्यामुळे सुरकुती किंवा मुरूम पुसण्याचा निरागस प्रयत्नही संशयात सापडतो. चार दिवसांत जाणारा मुरूम तसाच राहू द्या.

पांढऱ्या भिंतीसमोर फोनचा कॅमेरा फसतो, हेही ध्यानात असू द्या. चौकटीत पांढरं जास्त आहे असं पाहून तो एकूण उजेड कमी करतो आणि सावळा किंवा गडद चेहरा आणखी काळा पडतो. चेहऱ्यावर बोट टेकवून फोकस करा आणि उजेडाची पट्टी जराशी वर सरकवा, गालाचा आणि कपाळाचा पोत दिसेल इतकीच. उलट अगदी गोऱ्या चेहऱ्यावर उजेड जास्त झाला तर नाकाची कड गालात विरून जाते. चेहऱ्याचे सगळे उतार-चढाव दिसले पाहिजेत. त्यासाठी भिंत थोडी राखाडी आली तर येऊ द्या, बहुतेक ठिकाणी ती चालते.

भिंत रंगीत असेल तर इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून लावा, चुण्या दिसता कामा नयेत. आणि अंगावर पांढरा सदरा नको. पांढऱ्यावर पांढरं आलं की खांदे गायब होतात आणि डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. गडद आणि साधा रंग घाला. गणवेश किंवा सैनिकी ठिपक्यांचे कपडे अमेरिकेला चालत नाहीत, इतरत्रही टाळलेले बरे.

मापं

तुमचा दुसरा फोटो इथे अडकला. ॲपने चौकटीचं माप बरोबर केलं असेल, पण चौकटीच्या आत डोकं किती मोठं असावं याचं माप वेगळं असतं आणि तपासणारा तेच आधी पाहतो.

अमेरिकेला चौकोनी फोटो लागतो, २ × २ इंच म्हणजे ५१ × ५१ मिलिमीटर. हनुवटी ते डोक्याचा माथा २५ ते ३५ मिलिमीटर, डोळ्यांची रेषा खालच्या कडेपासून २८ ते ३५ मिलिमीटर, मागे पांढरा किंवा पांढरट रंग. डीएस-१६० या अमेरिकी व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात चढवायची फाइल ६०० × ६०० ते १२०० × १२०० पिक्सेल, जेपीईजी आणि २४० केबीच्या आत. तिच्यात डोकं उंचीच्या ५० ते ६९ टक्के आणि डोळे खालून ५६ ते ६९ टक्क्यांवर. ६०० पिक्सेलच्या फाइलमध्ये याचा अर्थ डोकं ३०० ते ४१४ पिक्सेल आणि डोळे खालून ३३६ ते ४१४ पिक्सेलवर.

शेंगेन देशांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांना, ३५ × ४५ मिलिमीटर लागतो आणि चेहरा उंचीच्या ७० ते ८० टक्के, म्हणजे ३२ ते ३६ मिलिमीटर. ब्रिटनच्या पासपोर्टचा छापील फोटोही ३५ × ४५, पण डोकं २९ ते ३४ मिलिमीटर, पार्श्वभूमी क्रीम किंवा फिकट राखाडी आणि फोटो गेल्या महिन्याभरातला. ब्रिटनच्या ऑनलाइन पासपोर्ट अर्जासाठी फोटो किमान ६०० पिक्सेल रुंद आणि ७५० उंच हवा, पण तो कापू नका. डोकं, खांदे आणि छातीचा वरचा भाग दिसू द्या, कापणी त्यांची यंत्रणा करते. चीनच्या व्हिसाला ३३ × ४८ मिलिमीटर, डोकं २८ ते ३३ मिलिमीटर उंच आणि १५ ते २२ मिलिमीटर रुंद, मागे पांढरं. कॅनडाच्या पासपोर्टचा फोटो मोठा, ५० × ७०, त्यात चेहरा ३१ ते ३६. त्याच्या एका प्रतीच्या मागे स्टुडिओचं नाव, पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख लागते, म्हणून तो घरी काढून भागत नाही. भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा मात्र ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा रंगीत फोटो सोबत न्यावा लागतो.

'माथा' कुठला, यावर बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय नियमात माथा म्हणजे केस नसते तर कवटी जिथे संपली असती ती जागा. अमेरिकेच्या व्हिसाच्या डिजिटल फोटोत मात्र केसांसकट मोजतात. दाट कुरळे केस किंवा वर बांधलेला अंबाडा असेल तर या दोन मोजण्यांत सहज दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि काठावरचं माप बाहेर जातं. अंबाडा मानेवर खाली बांधा म्हणजे वाद मिटला. माप घेताना कधी शेवटच्या टोकावर राहू नका. ३२ ते ३६ सांगितलं असेल तर ३४ धरा.

आता कापायचं कसं. मूळ फोटोत डोक्याची उंची पिक्सेलमध्ये मोजा. ती ४६० आली असं धरू. अमेरिकेसाठी डोकं साठ टक्के ठेवायचं, म्हणून ४६० ला ०.६ ने भागा: बाजू ७६७ पिक्सेल. डोळे खालून ६२ टक्क्यांवर आणा, म्हणजे ४७५ पिक्सेलवर, आणि नाक मधल्या उभ्या रेषेवर. शेंगेनसाठी डोकं ४५ पैकी ३४ मिलिमीटर, म्हणून ४६० ला ४५ ने गुणून ३४ ने भागा: उंची ६०९, आणि तिच्या ४५ ला ३५ या प्रमाणात रुंदी ४७४. केसांच्या वर तीन-चार मिलिमीटर मोकळे राहिले की उरलेली जागा मान आणि खांद्यांना मिळते.

या हिशेबातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. ३५ × ४५ साठी कापलेल्या फोटोतून अमेरिकेचा फोटो निघत नाही. ३४ मिलिमीटरच्या डोक्याला साठ टक्के प्रमाण ठेवायला ५७ मिलिमीटर रुंदी लागते आणि तुमच्याकडे ३५ च आहेत. ॲप मग कडेला पांढरे पट्टे जोडतं किंवा चेहरा ताणतं, दोन्ही पकडलं जातं. म्हणून मूळ फोटो ऐसपैस काढा, छातीपर्यंत आणि दोन्ही बाजूंना भरपूर भिंत ठेवून. तो न कापता जपून ठेवा आणि प्रत्येक देशासाठी त्याची वेगळी प्रत कापा. पार्श्वभूमीचा रंग मात्र कापून बदलत नाही. फ्रान्सला पांढरी भिंत चालत नाही, फिकट निळी किंवा फिकट राखाडी लागते. चीनला पांढरीच लागते. एकाच पांढऱ्या भिंतीवर दोन्ही जमतं: माणूस आणि खिडकी यांतलं अंतर तेच ठेवून दोघांनाही भिंतीपासून दूर न्यायची सोय असेल, तर भिंतीवर उजेड कमी पडतो आणि ती फिकट राखाडी येते. खिडकी काही हलत नाही, म्हणून घरात ते असं करा: चादर माणसाच्या मागे एक मीटरवर लावली तर पांढरी, तीच अडीच मीटरवर लावली तर राखाडी.

फाइलचा आकार कमी करताना आधी पिक्सेल ठरवा, मग जेपीईजीची गुणवत्ता ८५ च्या आसपास ठेवून एकदाच साठवा. पुन्हा पुन्हा साठवलं की डोळ्यांभोवती चौकोनी डाग येतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आयफोनची एचईआयसी फाइल नुसतं नाव बदलून जेपीईजी होत नाही, तिचं रूपांतर करावं लागतं. छापील फोटोचा मोबाइलने फोटो काढू नका. फाइल हरवलीच असेल तर छापील प्रत ३०० पीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल ठेवून, स्कॅन करा, २ × २ इंचाच्या फोटोतून नेमके ६०० × ६०० पिक्सेल मिळतात.

चष्मा, टिकली, ओढणी

चष्मा काढा. अमेरिकेने १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्याचे फोटो घेणं बंद केलं, ऑस्ट्रेलियालाही तो चालत नाही. जिथे चालतो तिथेही काचेवरची चमक आणि डोळ्यावर येणारी फ्रेम यामुळे फोटो परत येतोच. फोटोच्या दहा-पंधरा मिनिटं आधी काढून ठेवा, नाकावरचे वळ जातात. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा काढताच येत नसेल तर अमेरिकेला डॉक्टरांचं सहीचं पत्र लागतं.

टिकली, कुंकू, चमकी, मंगळसूत्र याने अडत नाही, चेहरा झाकला जात नाही तोवर. खड्याची टिकली उजेडात चमकते, त्या दिवशी साधी लावा. मोठी नथ ओठावर येत असेल तर काढा. धर्मामुळे डोकं रोज झाकत असाल तर फोटोतही झाकता येतं, पण हनुवटीच्या खालच्या कडेपासून कपाळाच्या वरपर्यंत चेहरा मोकळा हवा आणि कापडाची सावली कपाळावर किंवा गालावर पडू नये. अमेरिका पासपोर्टच्या फोटोसाठी त्यासोबत तुमच्या सहीचं निवेदन मागते. नुसती सवय म्हणून घेतलेला पदर किंवा ओढणी डोक्यावरून खाली घ्या. ओठ मिटलेले, चेहरा शांत, डोळे पूर्ण उघडे आणि भुवयांवर केस नकोत. डोळे मोठे करायला गेलं की भुवया वर जातात आणि कपाळाला आठ्या पडतात. त्यापेक्षा डोळे मिटायला सांगा, तीन मोजा, उघडायला सांगा आणि लगेच दोन-तीन फोटो घ्या.

बाळाचा फोटो

नऊ महिन्यांच्या बाळाला बसवून मान धरण्याचा प्रयत्न नको, तुमची बोटं चौकटीत येतात आणि फोटो बाद होतो. जमिनीवर पांढरी चादर ताणून घाला, बाळाला पाठीवर निजवा, डोकं खिडकीच्या विरुद्ध बाजूला आणि पाय खिडकीकडे. मग उजेड पायाकडून चेहऱ्यावर येतो आणि नाकपुड्यांखालून वर सावली पडू शकते, म्हणून खिडकी उंचावर असेल तर बरं. नसेल तर डोक्यामागे चौकटीबाहेर पांढरा पुठ्ठा उभा करा. तुम्ही पायाशी किंवा कडेला उभे राहून मोबाइल चेहऱ्याच्या बरोबर वर आडवा धरा आणि तुमची सावली बाळावर नाही ना ते पाहा. चादर डोक्याभोवती चुरगळते, दर दोन-तीन फोटोंनी ती ओढून सारखी करा. दुसरा उपाय म्हणजे कार सीटवर पांढरं कापड टाकून बाळाला त्यात बसवणं. चोखणी, खेळणं, टोपी, कानटोपी काहीही चौकटीत नको. दूध पिऊन झाल्यावर, झोपेच्या आधी नको, झोप झाल्यावर काढा, आणि रडून चेहरा लाल झाला असेल तर अर्धा तास थांबा. लेन्सच्या अगदी वर खुळखुळा वाजवला की नजर वर येते. ब्रिटनमध्ये एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे उघडे असणं बंधनकारक नाही आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतही तान्ह्या बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी चालवून घेतात. पण तोंड मिटलेला आणि डोळे उघडे असलेला एक फोटो मिळेपर्यंत चिकाटी ठेवा, तो सगळीकडे चालतो. तीस-चाळीस काढले की एक मिळतो.

छापताना

४ × ६ इंचाच्या कागदावर २ × २ इंचाचे बरोबर सहा फोटो बसतात. कागद उभा धरून ३५ × ४५ चे आडवे मांडले तर आठ बसतात, उभे मांडले तर सहाच. ३०० डीपीआयला ३५ × ४५ मिलिमीटर म्हणजे ४१३ × ५३१ पिक्सेल. छपाईत एक फसवणूक नेहमी होते: कडा न सोडता छापणारं यंत्र चित्र काही टक्के मोठं करून कडा कापतं आणि 'कागदावर बसवा' हा पर्याय ते लहान करतो. ३४ मिलिमीटरचं डोकं मग ३५ किंवा ३३ होतं आणि काठावरचं माप असेल तर बाहेर जातं. शंभर टक्के मापात छापायला सांगा आणि त्याच पानावर कोऱ्या जागेत ५० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा. छापून आल्यावर फूटपट्टी आधी त्या रेघेला लावा, मग डोक्याला.

कात्रीने कापू नका, रेष वाकडी जाते, पट्टी आणि ब्लेड घ्या. मागे नाव लिहायचं असेल तर बॉलपेन दाबून लिहू नका, त्याचा ठसा चेहऱ्यावर उमटतो आणि स्कॅनमध्ये रेघ होऊन दिसतो. टाचणी किंवा क्लिप लावायची नाही. अर्जावर चिकटवायचं की नुसतं पाकिटात ठेवायचं हे त्या अर्जाच्या सूचनेत पाहा. फोटो सहा महिन्यांच्या आतला असावा ही अट बहुतेक देशांची आहे. जुन्या पासपोर्टवर किंवा मागच्या व्हिसावर असलेलाच फोटो पुन्हा दिला तर तो जुना आहे हे अधिकाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवताच कळतं. फोटो काढलेल्या दिवशी मूळ न कापलेली फाइल तारखेसकट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. परत आलाच तर त्याच फाइलमधून दुसऱ्या मापाची प्रत पाच मिनिटांत निघते.